धुऱ्यावरचा रात्रीचा कॅमेरा : फोटो का बिघडतो व तो कसा सुधारावा

धानाची लोंबी दुधात आली की चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील शेतकऱ्यांची झोप उडते. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, सावली, मूल आणि वैनगंगेच्या पलीकडे आरमोरी, देसाईगंज, कुरखेडा या तालुक्यांत कितीतरी गावांचे शिवार थेट जंगलाला लागून आहे. रानडुकरांचा कळप एका रात्रीत बांधीमागून बांधी लोळवून जातो. मचाणीवर बसून जागल करावी, तर ज्या पांदणीने डुकरे येतात त्याच पांदणीने वाघ-बिबटही फिरतात. अशा वेळी शेतात रात्री नेमके कोण येते, कोणत्या बाजूने येते आणि किती वाजता येते हे कळले, तर पुढचे निर्णय सोपे होतात. जागलीला जावे की जाऊ नये, हा त्यातला पहिला निर्णय.

हे कळण्यासाठी आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, ज्याला वनविभागाचे कर्मचारी कॅमेरा ट्रॅप म्हणतात, तो आता काही शेतकरी बंधू स्वतःच्या धुऱ्यावर लावू लागले आहेत. परंतु पहिल्या महिन्यातच निराशा पदरी येते. कार्डात शेकडो फोटो, त्यात नुसते गवत. कधी सगळा फोटो पांढराफटक, कधी काळाकुट्ट. डुकरांचे खूर चिखलात स्पष्ट उमटलेले, पण फोटोत एकही डुक्कर नाही. मग ‘कॅमेरा खराब निघाला’ म्हणून तो घरी खुंटीला लटकतो. आमच्या मते बहुतेक वेळा कॅमेरा खराब नसतो. तो ज्या किरणांवर चालतो, त्या इन्फ्रारेड म्हणजेच अवरक्त किरणांची ओळख नसल्याने तो चुकीच्या जागी व चुकीच्या पद्धतीने लावलेला असतो.

एकाच डब्यात दोन प्रकारचे किरण

इ. स. १८०० मध्ये विल्यम हर्शेल या शास्त्रज्ञाने सूर्यप्रकाशाचे लोलकातून रंग वेगळे केले आणि प्रत्येक रंगात तापमापी ठेवून पाहिली. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते तिथे, पारा अधिक चढला. हेच अवरक्त किरण. त्यांचा पट्टा फार रुंद आहे आणि आपल्या कॅमेऱ्यात त्यातील दोन निरनिराळे भाग काम करतात. ही गोष्ट एकदा लक्षात आली की निम्मे बिघाड घरीच उलगडतात.

पहिला भाग कॅमेऱ्याला जागे करण्याचा. कॅमेऱ्याच्या पुढे बारीक रेघांचे पांढरट प्लॅस्टिक असते. त्यामागे शरीराच्या उष्णतेचे किरण ओळखणारा संवेदक बसवलेला असतो. तो चित्र पाहत नाही. समोरच्या जागेतील उष्णता एकाएकी बदलली, म्हणजे गार जमिनीसमोरून ऊबदार अंग सरकले, एवढेच त्याला कळते. दुसरा भाग फोटो काढण्याचा. अंधारात कॅमेऱ्यावरील बारीक दिवे डोळ्यांना न दिसणारा उजेड फेकतात, तो जनावरावरून परत येतो आणि डिजिटल कॅमेऱ्याचा संवेदक तो टिपतो. हे किरण दृश्य प्रकाशाला अगदी लागून असलेले आहेत. शरीराच्या उष्णतेच्या किरणांची लांबी यांच्या सुमारे दहापट असते. म्हणून उष्णतेच्या किरणांत जे घडते ते फोटोच्या किरणांत घडेलच असे नाही.

फोटो निघालाच नाही, की निघाला पण बिघडला? कोणतीही तक्रार तपासताना हा प्रश्न प्रथम विचारावा. फोटोच निघाला नसेल, तर चूक पहिल्या भागात शोधावी. फोटो आहे पण पाहण्याजोगा नाही, तर ती दुसऱ्या भागात.

डुक्कर आले, फोटो निघाला नाही

चंद्रपूरचा उन्हाळा सांगायला नको. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. जनावराच्या अंगाची उष्णता आणि तापलेल्या जमिनीची उष्णता जवळपास सारखी झाली की संवेदकाला दोन्हींत फरक कळत नाही आणि समोरून रोही गेला तरी कॅमेरा झोपलेलाच राहतो. म्हणून उन्हाळी धान किंवा भाजीपाल्याच्या राखणीसाठी कॅमेऱ्याची संवेदनशीलता ‘जास्त’ या खुणेवर ठेवावी आणि दुपारच्या फोटोंवर विसंबू नये. पहाटे जमीन निवते तेव्हा तोच कॅमेरा चांगले काम देतो. कार्तिकातल्या थंडीत मात्र फरक एवढा मोठा असतो की ‘मध्यम’ किंवा ‘कमी’ पुरते.

चिखलात लोळून आलेल्या डुकराची गोष्ट वेगळी. ओल्या गार चिखलाचा थर अंगाची ऊब झाकतो, त्यामुळे ते जवळ येईपर्यंत संवेदकाला जाणवत नाही. यावर उपाय म्हणजे अंतर कमी ठेवणे. वाटेपासून कॅमेरा ३ ते ४ मीटरवर, जमिनीपासून ४५ ते ६० सेंटिमीटर उंचीवर म्हणजे माणसाच्या गुडघ्याच्या आसपास बांधावा. पुष्कळ जण तो चोरीच्या भीतीने झाडावर उंच बांधतात व खाली वाकवतात. तसे केल्यास जनावराची फक्त पाठ येते आणि संवेदकाचे क्षेत्रही अपुरे पडते. चोरीची भीती असल्यास साखळी-कुलूप लावावे, उंची वाढवू नये.

संवेदकाला आडवे जाणारे जनावर चांगले कळते, सरळ अंगावर चालून येणारे कमी कळते. परंतु वाटेला अगदी काटकोनात कॅमेरा लावला तर डुक्कर धावत निघून जाते आणि फोटोत फक्त शेपूट सापडते. म्हणून कॅमेऱ्याचे तोंड वाटेशी साधारण ४५ अंशांचा कोन करील असे ठेवावे. बांधीच्या पाळीला जिथे पाणी काढण्याची मोरी असते किंवा जिथे पाळ चढताना जनावर क्षणभर थबकते, ती जागा सर्वांत चांगली.

पावसापासून बचाव म्हणून काही जण कॅमेऱ्यापुढे काचेचा तुकडा लावतात. काचेतून आपल्याला आरपार दिसते, पण शरीराच्या उष्णतेचे किरण काचेतून जात नाहीत. असा कॅमेरा वाघ समोर येऊन बसला तरी जागा होणार नाही. प्लॅस्टिकची पिशवी घातली तर रात्री दिव्यांचा उजेड पिशवीवरूनच परत फिरतो आणि फोटो पांढरा येतो. त्यापेक्षा वरच्या बाजूला पत्र्याचे किंवा कवेलूचे छोटे छप्पर करावे आणि पुढची बाजू पूर्ण मोकळी ठेवावी.

शेकडो फोटो, सगळे रिकामे

रिकाम्या फोटोंचे कारण बहुधा ऊन आणि वारा ही जोडी असते. कॅमेऱ्याचे तोंड पूर्वेला किंवा पश्चिमेला असेल तर उगवता-मावळता सूर्य सरळ संवेदकात शिरतो. तापलेले गवत वाऱ्याने हलले तरी त्याला ते ऊबदार अंगच वाटते. तोंड शक्यतो उत्तरेला ठेवावे. समोरचे गवत, लोंबती फांदी, पळसाचे रोप कापून ३-४ मीटरपर्यंत जागा साफ करावी. सावधगिरी एवढीच, की धुऱ्यावरचे सगळे झुडूप भुईसपाट करू नये. जनावराची रोजची वाट बदलली, तर कॅमेरा लावून उपयोग नाही.

रिकामे फोटो पुसून टाकण्याची घाई मात्र करू नये. त्यांची वेळ पाहावी. दुपारी ११ ते ४ च्या दरम्यान ढीगभर असतील तर दोष उन्हाचा. रात्री दोन वाजताचा रिकामा फोटो मात्र पुन्हा नीट पाहावा. त्या वेळी ऊन नसते, कोणीतरी नक्की आले होते व फोटो निघेपर्यंत पुढे गेले असावे. कॅमेऱ्यात एकापाठोपाठ तीन फोटो काढण्याची सोय असते, ती चालू ठेवावी. पहिल्या फोटोत निसटलेले जनावर नसले तरी त्याच्या मागचे पिल्लू दुसऱ्या-तिसऱ्या फोटोत सापडते.

पांढराफटक फोटो

येथे पिकाचाच एक गुण आडवा येतो. हिरवे पान डोळ्यांना हिरवे दिसते, पण त्यावर पडलेल्या हिरव्या प्रकाशाचा लहानसा हिस्साच ते परत फेकते. फोटोच्या अवरक्त किरणांचा मात्र जवळजवळ निम्मा भाग ते परत फेकते. त्यामुळे अशा फोटोत धानाची पाने बर्फासारखी पांढरी दिसतात. रॉबर्ट वुड या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९१० मध्ये असे पांढऱ्या झाडांचे फोटो प्रथम प्रसिद्ध केले होते. (आपल्या उपग्रहांना पीक ओळखता येते तेही पानाच्या याच गुणामुळे. भारताने मार्च १९८८ मध्ये सोडलेल्या आयआरएस-१ए उपग्रहाच्या कॅमेऱ्यांत या किरणांसाठी स्वतंत्र पट्टा होता. निरोगी पान हे किरण जोरात परत फेकते, रोगट व वाळके पान कमी फेकते.)

आता शेतातला हिशेब पाहा. दिव्यांचा उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. १ मीटरवरील पानाला ४ मीटरवरील डुकरापेक्षा सोळापट उजेड मिळतो. त्यात पान पांढरे, डुक्कर काळपट. कॅमेरा त्या पानाप्रमाणे उजेड बेततो आणि मागचे डुक्कर अंधारात बुडते. म्हणून फोटोच्या खालच्या कडेला येणारी एक गवताची काडीदेखील महागात पडते. कॅमेरा लावताना दिसायला साफ असलेली जागा पंधरा दिवसांत पावसाळी गवताने भरते, हे आपण जाणताच. दर आठवड्याला विळा चालवावा.

कोळ्याचे जाळे दिव्यांपुढे आले की फोटोत पांढरे दोर लोंबताना दिसतात. पहाटेच्या धुक्यात सगळ्या फोटोवर दुधी पडदा येतो. धुक्याला उपाय नाही. पडदा धुक्याचा की भिंगावरील दवाचा हे मात्र ओळखता येते : धुके सूर्य वर आल्यावर जाते, तर डब्याच्या आतून धरलेली वाफ दुपारच्या फोटोतही डाग सोडते. तसे असल्यास रबराची कड तपासावी, त्यात मुंग्यांनी घर केलेले नाही ना ते पाहावे आणि ओल शोषणाऱ्या दाण्यांची पुडी आत ठेवावी.

काळा फोटो

दिवसाचे फोटो उत्तम, रात्रीचे काळे, असे झाले की प्रथम सेल बदलावेत. दिवसा कॅमेऱ्याला वीज थोडी लागते, रात्री दिवे पेटताना एकदम जास्त लागते. अर्धे संपलेले सेल दिवसाचे काम निभावून नेतात व रात्री हात टेकतात. जुने व नवे सेल एकत्र घालू नयेत. एक जुना सेल बाकीच्यांनाही खाली ओढतो.

सेल नवे असूनही काळोख असेल तर दिवे पेटतात की नाही ते पाहावे. ही परीक्षा घरी करता येते. टीव्हीच्या रिमोटचे टोक मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. पडद्यावर जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकताना दिसला, तर तो मोबाईल अवरक्त उजेड पाहू शकतो असे समजा. मागच्या कॅमेऱ्यातून दिसला नाही तर पुढच्या कॅमेऱ्यातून पाहा. मग अंधाऱ्या खोलीत त्याच मोबाईलमधून ट्रॅपच्या दिव्यांकडे पाहून समोर हात हलवावा. दिवे झळकले तर ते ठीक आहेत.

दिवे ठीक, सेल नवे, तरी काळोख? मग जागा चुकली. खोक्यावर ‘२० मीटर’ लिहिलेले असते, त्यातले निम्मेच खरे धरावे असे आमचे मत आहे. त्यातही दोन जाती आहेत. ८५० नॅनोमीटरचे दिवे लांब पोचतात, पण पेटताना अंधुक तांबडा ठिपका दिसतो. ९४० चे दिवे दिसत नाहीत, पण त्यांचा पल्ला कमी असतो. शिवाय पाणी हे किरण शोषते. पाण्याने भरलेली बांधी रात्रीच्या फोटोत काळ्या शाईसारखी दिसते आणि मागे झाड किंवा पाळ नसेल तर उजेड परत फेकणारे काहीच उरत नाही. कॅमेरा उघड्या बांधीकडे न लावता पाळीकडे लावावा.

फोटो फरफटलेला, अस्पष्ट येत असेल तर तो कमी उजेडाचा परिणाम असतो. कमी उजेडात कॅमेऱ्याला जास्त वेळ डोळा उघडा ठेवावा लागतो व तेवढ्यात जनावर सरकते. अगदी जवळचे, मीटरभरातील जनावर पुसट येते, कारण या कॅमेऱ्यांचे भिंग ठराविक अंतरासाठी बसवलेले असते. त्यावर शेतकऱ्याने स्क्रू फिरवून इलाज करू नये.

दिवसाचे फोटो गुलाबी आणि झाडे फिकट दिसू लागली तर ती खरी यंत्राची अडचण आहे. दिवसा अवरक्त किरण अडवणारी एक काचपट्टी भिंगामागे असते. सांजवेळी बारीक ‘टक्’ आवाज करून ती बाजूला सरकते व सकाळी परत येते. ती अडकली की दिवसाचे रंग बिघडतात. सेल काढून काही मिनिटांनी पुन्हा घालून पाहावे. तरी ‘टक्’ आवाज आला नाही तर दुरुस्तीला द्यावा. रात्रीच्या कामाला तो कॅमेरा तोपर्यंत चालतो.

फोटो वाचण्यात चूक करू नका

बिघडलेल्या फोटोपेक्षा चुकीचा वाचलेला फोटो अधिक धोक्याचा. समजा, रात्री अडीचच्या फोटोत धुऱ्याच्या कडेला एक काळपट आकृती आहे व दोन डोळे दिव्यासारखे चमकत आहेत. ‘डुक्करच आहे’ म्हणून दुसऱ्या रात्री जागलीला जाणे जिवावर बेतू शकते. डुकराच्या डोळ्यांत मागे उजेड परत फेकणारा थर नसतो, त्यामुळे त्याचे डोळे तसे झळकत नाहीत. चितळ, रोही, गाय-बैल, तसेच बिबट व वाघ यांचे डोळे झळकतात. झळकणारे डोळे म्हणजे वाघच असे नाही, पण ते डुक्कर नाही, एवढे खात्रीने समजावे.

आकाराचाही धोका होतो. जवळून गेलेले रानमांजर फोटोत बिबटाएवढे दिसते. यासाठी वाटेच्या पलीकडे एक खुंटी ठोकून तिच्यावर एकेक फुटावर चुन्याचे पट्टे मारावेत. जनावराची उंची मग आपोआप मोजली जाते. रंगावर मुळीच जाऊ नये. अवरक्त उजेडात काळा सदरा पुष्कळदा पांढरा दिसतो, तेव्हा फोटोतील माणूस कपड्यांवरून ओळखून कोणावर आळ घेऊ नये. पट्टे व ठिपके मात्र दिसतात. मलेशियातील काळ्या बिबट्यांच्या अंगावरचे झाकलेले ठिपकेही अशा फोटोत उघड झाले आहेत.

वाघाचे पट्टे माणसाच्या बोटांच्या ठशांसारखे असतात. दोन वाघांचे जुळत नाहीत आणि एकाच वाघाची डावी-उजवी बाजूही वेगळी असते. देशातील २०१८ च्या व्याघ्रगणनेत २६ हजारांहून अधिक ठिकाणी कॅमेरे लावून वाघ मोजले गेले ते यावरूनच. राजुरा तालुक्यात २०२० मध्ये पकडलेला आरटी-१ आणि देसाईगंज-वडसा परिसरात ऑक्टोबर २०२२ मध्ये पकडलेला सीटी-१ हे वाघ आपल्या स्मरणात असतील. एकाच जंगलात अनेक वाघ फिरत असताना नेमका कोणता, हे ठरविण्यासाठी असे फोटो लागतात. तेव्हा तुमच्या कॅमेऱ्यात वाघ आला तर तीनही फोटो न कापता, न उजळवता वनरक्षकाकडे द्यावेत. गावात मोबाईलवर फिरवू नयेत. त्याने शिवारात बघ्यांची गर्दी होते आणि शिकाऱ्यालाही पत्ता मिळतो.

पीक नुकसानीच्या भरपाईसाठी वनविभागाकडे अर्ज व पंचनामा लागतोच, फोटो त्याची जागा घेत नाही. तरी नुकसान डुकरांचे की मोकाट गुरांचे असा वाद निघाला तर तो कामी येतो. परंतु त्यावरील तारीख-वेळ बरोबर असली पाहिजे. सेल काढले की अनेक कॅमेऱ्यांचे घड्याळ मागे जाते आणि नोव्हेंबरचे डुक्कर जानेवारीत दाखविले जाते. सेल बदलल्यावर प्रथम घड्याळ लावावे, मग पाटीवर गट क्रमांक व तारीख लिहून ती कॅमेऱ्यासमोर धरावी, म्हणजे पहिला फोटो पाटीचाच निघतो. नुकसान दिसले त्याच दिवशी कळवावे.

कॅमेरा फक्त स्वतःच्या शेतात लावावा. जंगलाच्या हद्दीत लावण्यास वनविभागाची परवानगी पाहिजे. बोडीच्या किंवा तलावाच्या घाटाकडे, शेजाऱ्याच्या अंगणाकडे त्याचे तोंड नको.

डुकरांची वाट फोटोत सापडली की तिथे वीजप्रवाह सोडलेली तार टाकण्याचा मोह होतो. हे स्पष्ट सांगणे भाग आहे : अशा तारेने या दोन जिल्ह्यांत वाघ मेले आहेत, तसे शेतकरीही मेले आहेत, काही तर स्वतःच्याच तारेने. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली तो गुन्हा आहे. ठराविक अंतराने सौम्य झटका देणारे सौर कुंपण वेगळे आणि खांबावरून आकडा टाकून सोडलेली वीज वेगळी. वाट सापडली असेल तर कुंपणाची, राखणीची, माणसांची शक्ती त्या एका बाजूला लावता येते, हाच फोटोचा उपयोग.

कार्ड बदलण्यास दिवसा, ऊन चांगले वर आल्यावर, दोघांनी मिळून जावे. एकाने वाकून कॅमेरा उघडावा, दुसऱ्याने उभे राहून चहूकडे लक्ष ठेवावे व बोलत राहावे. उंच धानात किंवा तुरीत वाकलेला माणूस वाघाला माणसासारखा दिसत नाही. आदल्या रात्रीच्या फोटोत वाघ, बिबट किंवा अस्वल असेल तर कार्ड त्या दिवशी राहू द्यावे.

गडचिरोलीत २०२१ पासून छत्तीसगडकडून रानहत्ती येऊ लागले आहेत. ते ज्या शिवारात आहेत तिथे कॅमेऱ्याच्या नादी लागू नये. हत्ती आला हे कळायला फोटोची गरज नसते. वनविभागाच्या सूचनेप्रमाणे पुंजण्यावरची जागल सोडून गावात यावे.

धानाचे कडप उचलून पुंजणे लागले की कॅमेरा धुऱ्यावरून काढून पुंजण्याजवळ आणावा, कारण डुकरे आता तिकडे वळतात. तेथे जनावर पुंजण्याभोवती रेंगाळते, त्यामुळे फोटोही स्पष्ट येतात. मळणीनंतर लाखोळी-हरभऱ्यावर लावायचा नसेल तर सेल काढून, डबा कोरड्या फडक्याने पुसून, ओल शोषणारी पुडी बदलून तो ठेवावा. आत राहिलेले सेल पावसाळ्यापर्यंत गळतात आणि पुढच्या हंगामात पहिल्याच रात्री काळा फोटो हाती येतो.